वाईट बातमी वर जाते कशी? महासंकटं आणि जागतिक कारभार

प्रश्न असा आहे: अणुयुद्ध, प्रयोगशाळेतून निसटलेली किंवा मुद्दाम सोडलेली साथ, हाताबाहेर गेलेली कृत्रिम बुद्धिमत्ता, अशा सगळ्या मानवजातीच्याच मुळावर येऊ शकणाऱ्या धोक्यांना आवर घालायचा तर जागतिक कारभारात नेमकं काय सुधारावं? त्याला जोडून विचारलंय की संयुक्त राष्ट्रांच्याने काही होत नाही हे दिसतंच आहे, तर मग जागतिक सरकारच का नको?

दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आधी लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत काहीही बदलायचं तर कलम १०८ प्रमाणे दोन तृतीयांश सदस्यांचं अनुमोदन लागतं आणि त्यात सुरक्षा परिषदेचे पाचही कायम सदस्य असावे लागतात. म्हणजे नकाराधिकार काढून घेण्याच्या कागदावर नकाराधिकारवाल्यांनीच सही करायची. १९४५ पासून परिषदेच्या रचनेत नजरेत भरणारा बदल एकच झाला, १९६५ मध्ये सदस्य ११ चे १५ झाले. जिथे चार खुर्च्या वाढवायला वीस वर्षं गेली, तिथे सार्वभौमत्व सोडायला देश तयार होतील या आशेवर धोरण आखता येत नाही. शिवाय जगाचं एकच सरकार चुकीच्या हाती पडलं तर पळून जायला दुसरा देशही उरणार नाही. तो स्वतःच एक मोठा धोका आहे. तेव्हा तो विषय इथे सोडून देऊ.

माझी बरीच वर्षं करारांच्या मसुद्यांवर आणि त्यांच्या अंमलबजावणीच्या बैठकांत गेली. त्यातून मला एक कसोटी सापडली, आणि मी हल्ली कुठल्याही संस्थेला किंवा कराराला तीच लावतो. कुणाच्या तरी हाती वाईट बातमी पडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तिचं काय होतं? ती कुणापर्यंत पोचते, आणि सांगणाऱ्याच्या पदरात काय पडतं? महासंकटांच्या बाबतीत उद्देशिका किती उदात्त आहे किंवा परिषदेला किती राष्ट्रप्रमुख आले याला फारसा अर्थ नसतो. नुकसान वाढतं ते बातमी दाबल्यामुळे, नाहीतर ती योग्य टेबलावर वेळेत न पोचल्यामुळे.

सोव्हिएत संघातलं चेर्नोबिल अणुवीज केंद्र घ्या. स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. बाहेरच्या जगाला पहिली चाहूल लागली ती २८ तारखेला, स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात, एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे किरणोत्सर्गाचा इशारा वाजला तेव्हा. त्यानंतर मात्र जे झालं ते आमच्या धंद्यात क्वचित दिसतं. अणुअपघाताची तातडीने सूचना देण्याचा करार त्याच वर्षी २६ सप्टेंबरला संमत झाला आणि २७ ऑक्टोबरला लागूही झाला. पाच-सहा महिन्यांत सगळं उरकलं! एरवी एका परिच्छेदाभोवतीचे कंस काढायला (वादाचा मजकूर मसुद्यात चौकटी कंसात ठेवतात) तेवढा वेळ जातो. संकटानंतर काही महिने दार उघडं असतं. ज्यांच्याकडे मसुदा आधीपासून तयार असतो, त्यांनाच त्या दारातून आत शिरता येतं. म्हणून ‘आत्ता राजकीय वातावरण नाही’ हे कारण मला पटत नाही. वातावरण नसतानाच मसुदे लिहून ठेवायचे असतात.

आता उलट उदाहरण. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने कोरोना विषाणूच्या एका नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळालं, आणि तेवढ्याच वेळात एकामागून एक देशांनी दक्षिण आफ्रिकेची आणि तिच्या शेजाऱ्यांची विमानं बंद केली. त्या शास्त्रज्ञांनी नियम पाळला होता, कौतुकास्पद वेगाने पाळला होता, आणि बदल्यात त्यांच्या देशाचं पर्यटन बुडालं. पुढच्या वेळी एखाद्या देशाचा आरोग्यमंत्री अशीच फाइल समोर आल्यावर ‘आठवडाभर थांबून खात्री करू’ म्हणाला, तर त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याला तसं म्हणायला आपणच शिकवलं.

यापूर्वीही हे घडलं होतं. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने एच५एन१ बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्याला देणं थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नमुने आम्ही फुकट द्यायचे, त्यावरून कंपन्या लस बनवणार, आणि साथ आली की ती लस आम्हालाच परवडणार नाही. तेव्हा अनेकांना तो आडमुठेपणा वाटला. मला तो हिशेब वाटतो, आणि चुकीचा हिशेब तर मुळीच नाही. चार वर्षांच्या घासाघिशीनंतर २०११ मध्ये इन्फ्लूएन्झासाठी एक चौकट ठरली: नमुने मिळतील, त्या बदल्यात कंपन्यांनी पैसे आणि साथीच्या वेळी लशींचा काही वाटा द्यायचा. हाच वाद सगळ्या रोगांपुरता मोठा होऊन महासाथ कराराच्या वाटाघाटींत पुन्हा उभा राहिला. तो करार १९ मे २०२५ ला समितीत १२४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, ११ देश तटस्थ राहिले, आणि दुसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य सभेत तो एकमताने संमत झाला. टाळ्या पडल्या, छायाचित्रं निघाली. पण रोगजंतूंचे नमुने आणि त्यातून होणारा फायदा यांची वाटणी कशी करायची, हा गाभ्याचा भाग त्यांनी वेगळ्या परिशिष्टावर ढकलला, आणि ते परिशिष्ट ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होत नाही. म्हणजे अवघड ते मागे ठेवून सोपं ते आधी संमत केलं. मी त्या खोलीत असतो तर कदाचित हेच केलं असतं, कारण काहीच हाती न लागण्यापेक्षा ते बरं होतं. तरी कुणी मला ‘महासाथीचा प्रश्न सुटला का?’ विचारलं तर मी त्या परिशिष्टाकडे बोट दाखवीन.

मग इथे करायचं काय? बातमी सांगणाऱ्याला भरपाई मिळेल अशी सोय आधीच करून ठेवायची. पैसा संकटानंतर गोळा करायचा नसतो. जागतिक बँकेने २०१७ मध्ये महासाथीसाठी विम्यासारखी योजना काढली होती. कल्पना उत्तम, पण पैसे सुटण्याच्या अटी इतक्या कडक की २०१८ ते २०२० च्या काँगोमधल्या इबोलाच्या साथीत दोन हजारांहून अधिक माणसं गेली, तरी विम्याची खिडकी उघडली नाही. साथ दुसऱ्या देशात पुरेशी पसरलीच नव्हती. ‘पुरेशी पसरली नाही म्हणून मदत नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. कोविडच्या वेळी त्याच योजनेतून सुमारे १९.६ कोटी डॉलर सुटले, तेही एप्रिल २०२० च्या मध्यावर, ६४ देशांत वाटून. पैसा मृत्यूंच्या आकड्यावर न देता बातमी देण्याच्या कृतीवर द्यायला हवा. ज्या देशाने लवकर आणि खरं सांगितलं, त्याच्या व्यापाराचं आणि प्रवासाचं होणारं नुकसान काही काळ भरून काढणारा निधी, ठरलेल्या सूत्राने आपोआप सुटणारा. कुठल्याही महासत्तेच्या संरक्षण खर्चापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल.

सगळ्यांनी खरं सांगावं ही अपेक्षा ठेवूनही सगळे सांगणार नाहीत. त्यासाठी दुसरा मार्ग लागतो: कुणाच्या परवानगीवाचून ऐकणारे कान. या बाबतीत माझा आवडता करार माँट्रियलचा, १९८७ चा, ओझोनचा थर वाचवणारा. त्याचं कौतुक सगळेच करतात, पण बहुतेकदा चुकीच्या कारणासाठी. ‘जग एकत्र आलं’ वगैरे ठीक आहे, पण खरं बळ त्याच्या बारीक अक्षरांत आहे. मूळ करारात सीएफसी रसायनांचं उत्पादन निम्म्यावर आणायचं एवढंच ठरलं होतं, म्हणजे गरजेच्या मानाने फारच तोकडं. पण दुसऱ्या कलमात एक तरतूद होती. यादीत आधीच असलेल्या रसायनांवरचे निर्बंध कडक करायचे असतील तर नवा करार नको, प्रत्येक देशाच्या संसदेचं नव्याने अनुमोदनही नको. एकमत झालं तर उत्तम, नाहीतर दोन तृतीयांश मतांनी निर्णय, आणि तो विरोधात मत दिलेल्यांनाही बंधनकारक. १९९० मध्ये लंडनला निम्म्याचं ‘पूर्ण बंद’ झालं, १९९२ मध्ये कोपनहेगनला मुदत आणखी अलीकडे आली. सोबत विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत, यंत्रं बदलायला पैसा देणारा निधी, आणि कराराबाहेर राहणाऱ्यांशी त्या मालाच्या व्यापारावर बंदी. बाहेर राहणं तोट्याचं आणि आत येणं परवडणारं, अशी ती मांडणी होती.

कान मात्र कराराच्या बाहेर होते. २०१८ मध्ये हवेचे नमुने तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की सीएफसी-११ चं प्रमाण जितकं उतरायला हवं तितकं उतरत नाहीये; कुठेतरी चोरून उत्पादन चालू आहे. पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधल्या मापन केंद्रांच्या आकड्यांवरून त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येतोय असं निघालं. काही वर्षांत ते उत्सर्जन पुन्हा खाली आलं. कुणावर हल्ला झाला नाही, सुरक्षा परिषद बसली नाही. देश आपल्या अहवालात काय लिहितो ते बाजूला राहिलं आणि हवेनेच साक्ष दिली.

अणुचाचणी बंदीचंही असंच. तो करार १९९६ चा, आणि आजही लागू झालेला नाही, कारण त्यात ४४ देशांची नावं लिहून ठेवली आहेत आणि त्या सगळ्यांचं अनुमोदन आल्याशिवाय तो अंमलात येत नाही. मसुदा लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने दाराला ४४ कुलपं लावली. तरीही त्याची भूकंपलहरी, समुद्रातले आवाज, हवेतले कण ऐकणारी केंद्रं जगभर कामाला लागली. प्रयोगशाळा धरून नियोजित संख्या ३३७ आहे आणि बहुतेक उभी राहिली आहेत. उत्तर कोरियाने २००६ मध्ये पहिला छोटा स्फोट केला तेव्हा जाळं अर्धवट होतं, तरी ते ऐकू आलं. करार झोपलेला आणि कान जागे, ही अवस्था आदर्श नाही, पण तिच्यामुळे चोरून चाचणी करणं जवळपास अशक्य झालंय.

आणि आता जिथे कानच नाहीत ते ठिकाण. जैविक शस्त्रांचा करार १९७२ चा, १९७५ पासून लागू. एका संपूर्ण प्रकारच्या शस्त्रांवर बंदी घालणारा तो पहिलाच, आणि त्यात पडताळणीची व्यवस्थाच नाही. सोव्हिएत संघ या कराराचा संस्थापक. त्याच काळात त्यांनी इतिहासातला सगळ्यात मोठा जैविक शस्त्र कार्यक्रम चालवला. १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू निसटले, साठाहून अधिक माणसं मेली, आणि सरकारने खराब मांसावर खापर फोडलं. खरं कारण लष्करी होतं हे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये मान्य केलं. तेरा वर्षं! पडताळणीच्या वाटाघाटी १९९५ ते २००१ चालल्या आणि अमेरिकेने मसुदा नाकारल्यावर बसल्या. २००६ मध्ये या कराराला पहिलं कायम कार्यालय मिळालं, तीन माणसांचं. रासायनिक शस्त्रांच्या कराराशी ताडून पाहा. त्याला हेगमध्ये पूर्ण संघटना आहे, निरीक्षक आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि देशांनी जाहीर केलेले ७० हजार टनांहून अधिक साठे निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले. शेवटचे अमेरिकेचे, जुलै २०२३ मध्ये.

अमेरिकेचा आक्षेप सगळाच पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जंतू वाढवण्याची टाकी लशीसाठीही तीच आणि शस्त्रासाठीही तीच. निरीक्षकाला दिसेल ते चकचकीत स्टील. त्यामुळे अणुसामग्री मोजतात तशी पडताळणी इथे चालणार नाही, हे मी मान्य करतो. म्हणून मी परिपूर्ण व्यवस्थेची वाट बघायच्या विरोधात आहे. साथीचा उगम शोधायला आणि वापराच्या आरोपाचा तपास करायला कायमचं पथक हवं. सध्या संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या अधिकारात तपास करायची जुनी तरतूद आहे, २०१३ मध्ये सीरियात रासायनिक शस्त्रांसाठी ती वापरलीही गेली, पण जैविक बाजूला तिच्या हाताशी कायम यंत्रणा नाही. दुसरं, मागणीप्रमाणे डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहक आणि मागणी दोन्ही तपासणं सगळ्या देशांत कायद्याने सक्तीचं हवं. चांगल्या कंपन्या २००९ पासून आपणहून तपासतात. पण ‘आपणहून’ म्हणजे जो तपासत नाही त्याचा माल स्वस्त. तिसरं, सांडपाण्यातल्या जंतूंवर नजर. कोविडच्या काळात ते तंत्र बऱ्याच शहरांनी वापरलं आणि मग अनेक ठिकाणी पैसा आटला.

अण्वस्त्रांबद्दल लोक मला संख्येचं विचारतात. संख्या महत्त्वाची आहेच, पण मला जास्त काळजी निरोपांची वाटते. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट सुटलं. नॉर्वेने रशियासह सगळ्यांना आठवडे आधी कळवलं होतं. तो निरोप रडारवर बसलेल्या लोकांपर्यंत गेलाच नाही, त्यांना ते रॉकेट क्षेपणास्त्र वाटलं, आणि अण्वस्त्रांचे आदेश देणारी पेटी येल्त्सिन यांच्यासमोर उघडली गेली. बातमी पोचणं म्हणजे मंत्रालयात पोचणं एवढंच धरलं की असं होतं. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या करारात वर्षाला १८ पर्यंत प्रत्यक्ष तपासण्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी २५ हजारांहून अधिक सूचना एकमेकांना पाठवल्या होत्या: हे क्षेपणास्त्र इथून तिथे हलवतोय, हे दुरुस्तीला नेतोय. कंटाळवाणी कारकुनी. तिनेच समोरच्याला रात्री झोप लागते. तपासण्या कोविडमुळे २०२० मध्ये थांबल्या, २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदतच फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. नव्या आकड्यांवर एकमत व्हायला कित्येक वर्षं लागतील. सूचनांची देवाणघेवाण तोवर करारापासून वेगळी काढून चालू ठेवता येते. १९६३ ची वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाइन आणि १९८८ चा क्षेपणास्त्र सोडण्याची पूर्वसूचना देण्याचा करार या दोन्ही गोष्टी शस्त्रकपातीविना झाल्या होत्या. त्यांत आता चीनही यायला हवा.

अशनींचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तिथलं बरं चाललंय. २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर अशनी फुटला, त्यानंतर इशारा देणारं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. २०२५ च्या सुरुवातीला २०२४ वायआर४ या अशनीच्या धडकेची शक्यता ३ टक्क्यांवर गेली तेव्हा आकडे रोज जाहीर होत होते, आणि अधिक निरीक्षणांनंतर शक्यता जवळजवळ शून्यावर आली. हे जमतं, कारण अशनी कुणाच्या मालकीचा नसतो. बातमी सांगणाऱ्याचं काही बिघडत नाही.

एकमताच्या सवयीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेत ६५ देश आहेत आणि प्रत्येक निर्णय एकमताने. १९९६ नंतर तिथून एकही करार बाहेर पडलेला नाही. हवामान परिषदांत तर मतदानाचा नियम कुठला असावा यावरच सुरुवातीपासून एकमत झालं नाही, म्हणून आजतागायत सगळं एकमताने चालतं. चाचणीबंदीचा मसुदा जिनिव्हात अडला तेव्हा तो संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत नेऊन मताला टाकला आणि संमत केला. २०१३ मध्ये शस्त्रव्यापार कराराचंही तसंच केलं. हा मार्ग उपयोगी आहे, पण जपून. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१ मध्ये लागू झाला आणि त्यात अण्वस्त्रधारी देश एकही नाही. त्याचं नैतिक वजन मी नाकारत नाही, पण ज्याच्या हातात काडेपेटी आहे तोच खोलीत नसेल तर आग विझवण्याचे नियम कुणासाठी? माझं मत असं की मूळ करार सगळ्यांना घेऊन सैल करावा, आणि तो घट्ट करण्याचा अधिकार माँट्रियलसारखा बहुमताला द्यावा.

उरली कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसारखी, देशोदेशी जाऊन तपासणारी संस्था हवी’ ही सूचना दर परिषदेत येते. युरेनियम तोलता येतं. प्रशिक्षित मॉडेलची, म्हणजे शिकवून तयार केलेल्या प्रणालीची, प्रत काढायला काही मिनिटं लागतात. शिवाय ती संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली, आणि न कळवलेल्या हालचाली शोधण्याचे धारदार अधिकार तिला १९९७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलने, म्हणजे पुरवणी कराराने, मिळाले, तेही इराकचा गुप्त कार्यक्रम उघड झाल्यावर. चाळीस वर्षं गेली. इथे तेवढी नाहीत. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षेवरच्या परिषदेत २८ देश आणि युरोपीय संघ यांनी जाहीरनाम्यावर सही केली. २०२५ च्या पॅरिस परिषदेत अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही. जाहीरनाम्यांच्या मागे धावण्यापेक्षा मी विमानवाहतुकीकडे बघीन. शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टानुसार अपघाताच्या तपासाचा हेतू फक्त पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नव्हे. त्यामुळे लोक बोलतात. मॉडेलने चाचणीत फसवणूक केली, कुणी धोकादायक माहिती काढून घेतली, आतली फाइल चोरीला गेली, अशा घटना ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या ठिकाणी कळवण्याची सक्ती हवी. कंपनीतल्या ज्या माणसाने ती कळवली, त्याची नोकरी शाबूत राहील असा कायदा हवा. युरोपीय संघाच्या कायद्यात मोठ्या मॉडेलांच्या गंभीर घटना कळवण्याचं बंधन आलं आहे. पण ती बातमी युरोपच्या बाहेर कुणाला, किती वेळात मिळणार, हे अजून कुणीच बांधून दिलेलं नाही. सध्या सगळ्यात स्वस्तात सुधारता येईल अशी ही जागा आहे.

शेवटी विचारलंय की सामान्य नागरिकाने यात काय करावं. दोन गोष्टी तपासता येतात. जैविक शस्त्र कराराच्या सदस्यांनी दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत आपल्या प्रयोगशाळांची आणि असाधारण साथींची माहिती भरून द्यायची असते. हे १९८६ मध्ये ठरलं, आणि अनेक देश अजूनही भरत नाहीत, किंवा भरून गुप्त ठेवतात. आपल्या सरकारने ती भरली का आणि जाहीर का केली नाही, हा प्रश्न कुठलाही लोकप्रतिनिधी सभागृहात विचारू शकतो. दुसरं, साथीला तोंड द्यायच्या तयारीचं बाहेरच्या तज्ज्ञांकडून ऐच्छिक मूल्यमापन २०१६ पासून होतं आणि झालेल्या देशांचे अहवाल प्रसिद्ध असतात. आपल्या देशाचा असेल तर उघडून प्रयोगशाळा आणि रोगनिरीक्षण यांचे गुण बघा. नसेल तर आपलं सरकार ते मूल्यमापन कधी करून घेणार, हे विचारा. अशा प्रश्नाची लेखी नोटीस आली की संबंधित खात्यात फाइल हलते, हे मी स्वतः पाहिलं आहे.